रिंग कोणाच्याच नावावर नव्हती

मी एक जुनी बास्केटबॉलची रिंग आहे. मित्रांनो, आधीच सांगते, माझा स्वभाव आता तिरसट झाला आहे. इतकी वर्षं एकाच जागी लटकून माणसांचा तोच तो वेडेपणा पाहिला, की लोखंडालाही राग येतो.

माझा जन्म हैदराबादच्या कुकटपल्लीतल्या एका पंपांच्या कारखान्यात झाला. तिथले फोरमन देवराव, ज्यांना सगळे मामा म्हणत, कारखान्याच्या बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षकही होते. उरलेल्या सळईला बाक देऊन त्यांनी मला घडवलं, स्वतः वेल्डिंग केलं आणि नारिंगी रंग दिला. कारखाना तेव्हा खेळाडूंना खेळासाठीच नोकरी द्यायचा. चारपर्यंत काम, मग सराव. देवराव त्यांच्याकडून एकच गोष्ट घोटून घेत. समोरच्यांपैकी बॉल ज्याच्या हातात, तो आपल्या पाचही जणांचा माणूस, म्हणजे त्याला पाचही जणांनी अडवायचं. एक जण चकला, की शेजारच्याने आपला माणूस सोडून धावायचं आणि त्याच्या जागी तिसऱ्याने सरकायचं. मैदानभर 'सरक, सरक' असा गलका चाले. पाहुण्या संघांना माझ्यात बॉल टाकताना घाम फुटायचा. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू?

मग एक्क्याण्णव साल आलं. परदेशी पंप बाजारात दिसू लागले, कारखाना घाबरला आणि पुण्याहून शशिकांत नावाचे नवे मॅनेजर आले. साहेब वाईट नव्हते. पण प्रत्येकाचं काम वेगळं मोजायचं, हा त्यांचा ध्यास. मशीनवर जे केलं तेच त्यांनी संघाला लावलं. कॅन्टीनबाहेर फळा लागला. कोणाच्या माणसाने किती गुण केले, ते दर सोमवारी खेळाडूच्या नावासमोर लिहिलं जाई. ज्याचा आकडा सर्वांत कमी, त्या हंगामी खेळाडूला नोकरीत कायम करणार होते. आणि यंदा करंडक आला नाही, तर संघच बंद.

हंगामींमध्ये सर्वांत चिवट होता धम्मदीप. आपल्या माणसाला तो असा चिकटायचा, की त्याला श्वास घेणं मुश्कील. फळ्यावर त्याचा आकडा सर्वांत लहान. सगळे त्याची पाठ थोपटत, आणि हळूहळू सगळेच त्याच्यासारखे खेळू लागले. 'सरक' हा शब्द मैदानातून गेला. देवराव चिडले, समजावून थकले. एकदा त्यांनी धम्मदीपला माझ्याखालीच गाठलं.

"मामा, घरी आई परेशान आहे," धम्मदीप म्हणाला. "नोकरी फळा बघून भेटणार आहे, तुमचं 'सरक' बघून नाही."

"हौ, बराबर आहे तुझं," देवराव म्हणाले. "पण त्या फळ्यावर रिंगचं नाव कुठं आहे, ते सांग. ती कोणी राखायची?"

धम्मदीप पुन्हा आपल्या माणसाला चिकटायला धावला.

करंडकाचा अंतिम सामना आमच्याच मैदानावर झाला. शेवटच्या काही सेकंदांत आम्ही एका गुणाने पुढे होतो. आमच्या अनिलला चकवून समोरचा एक खेळाडू थेट माझ्याकडे निघाला. धम्मदीप माझ्यापासून दोन पावलांवर उभा होता. दोन पावलं, मित्रांनो! पण तो सरकला असता, तर त्याचा माणूस कोपऱ्यात मोकळा राहिला असता. मी ओरडू शकत नाही, हे माझं दुर्दैव. तो आपल्या माणसाला धरून राहिला, बॉल माझ्यातून खाली पडला आणि आम्ही एका गुणाने हरलो.

सोमवारी फळ्यावर धम्मदीपचा आकडा सर्वांत लहान होता. तो कायम झाला आणि संघ बंद पडला. देवराव निवृत्त होऊन नल्लकुंट्याच्या घरी गेले, ते पुन्हा आले नाहीत.

पुढच्या काही वर्षांत अर्ध्या मैदानात खोकी रचली गेली. माझी जाळी कुजली, रंग उडाला, चारपैकी दोन बोल्ट ढिले झाले. कारखान्याच्या कॉलनीतली पोरं माझ्याखाली खेळत, त्यात धम्मदीपची मुलगी रेणुकाही होती. मी पोरांच्या डोक्यावर पडेन, अशी आता त्याला धास्ती वाटू लागली. त्याने अर्ज दिले. देखभालवाले म्हणाले, रिंग खेळ विभागाची. खेळ विभाग तर उरलाच नव्हता. स्टोअरने सांगितलं, आमच्या यादीत नाही. ज्याने त्याने आपला माणूस धरला होता, आणि मी पुन्हा मोकळीच.

शेवटी एका रविवारी धम्मदीप स्वतःच शिडी आणि पाना घेऊन वर चढला. चारही बोल्ट आवळले. मग मला दोन्ही हातांनी हलवून पाहिलं. रेणुकाने खालून विचारलं, हे काम तुमचं आहे का, बाबा?

"नाही," तो म्हणाला. "तेव्हाही नव्हतं. दोनच पावलं होती गं."

मित्रांनो, माझा राग अजून गेलेला नाही. ज्यावर कोणाचंच नाव नाही, अशी वस्तू तुमच्याही आसपास असेल. तिच्यासाठी वेळेवर सरका. मला आवळलं, पण संघ गेला तो गेलाच.