खानमच्या आजोबांचं पान

“खानम, हे खरं सोनं आहे, की स्प्रे पेंट?”

विचारायला लावलं होतं शेजारी बसलेल्या रुहीने. पैज! जुन्या पानावरच्या सोनेरी हरणांकडे बोट दाखवत हिमानीने एका दमात विचारून टाकलं आणि अमेरिकेतल्या फ्रीमाँटच्या कम्युनिटी सेंटरमधल्या त्या अख्ख्या कॅलिग्राफीच्या क्लासचे बोरू थांबले. फारसी अक्षर शिकवणाऱ्या फरीबा खानम आवाज कधीच चढवायच्या नाहीत. म्हणून तर त्यांची जास्त भीती वाटायची.

खानम चक्क हसल्या. आपल्या आजोबांनी लिहिलेलं ते पान फोल्डरमध्ये घालून त्यांनी हिमानीच्याच हातात दिलं. “घरी ने. उन्हात तिरकं धर आणि तूच मला सांग. इराणहून निघताना एवढंच आणता आलं. फक्त पाणी लागू देऊ नकोस. ही काजळीची शाई घोटून गुळगुळीत केलेल्या कागदावर नुसती वर बसलेली असते.”

हिमानी आठवडाभर हवेत! असं पान कधी कोणाला दिलं होतं का खानमनी? उन्हात धरलं की समासातली हरणं पेटल्यासारखी चमकायची. खरं सोनं! तिने रुहीला दहा मेसेज केले.

आणि मग आला दसरा. आईने पाटावर सरस्वती मांडली. शेजारी बाबाचा लॅपटॉप, कारची किल्ली, हिमानीचं कॅल्क्युलसचं पुस्तक. “माझं पान पण!” म्हणत हिमानीने ते सगळ्यांच्या वर ठेवलं. इतकं सुंदर अक्षर, सरस्वतीसमोर नको? आईने दर वर्षीसारखं फूल पाण्यात बुडवलं आणि सगळ्यावर पाणी शिंपडलं.

टप्.

एकच थेंब. मधल्या ओळीतल्या अक्षराचं गोल पोट डोळ्यांदेखत विरघळलं आणि काळा ओघळ थेट एका हरणाच्या पायापर्यंत गेला. हिमानीने झडप घालून पान उचललं. पुसायचं? नको, पसरेल!

“अगं, काळी शाईच तर आहे,” बाबा म्हणाला. “तुझ्याकडे तो बोरू आहे ना? भर की तेवढं. छान काढतेस तू.”

“कुणाला कळणारही नाही,” आई पुटपुटली. “माझ्याच हातून झालं ना गं.”

पान सुकलं. हिमानीने बोरू शाईत बुडवून अक्षरावर नेला. ती इतकी रेंगाळली की टोकाशी थेंब जमायला लागला. आजोबांची रेघ मात्र एका श्वासात ओढलेली. आणि खानम? नावं झाकून कागद दिले तरी त्या एका टिंबावरून सांगायच्या, हा कोणाचा हात.

त्यांना दिसेल. त्या आवाजही चढवणार नाहीत. नुसतं पान परत घेतील आणि फोल्डर बंद करतील.

तिने झटकन बोरू मागे घेतला. थेंब तिच्या तळहातावर पडला.

“मी हे भरणार नाहीये,” ती म्हणाली. बोरू खाली ठेवून तिने पान फोल्डरमध्ये सरकवलं. “आत्ताच्या आत्ता खानमकडे जातेय, पान असंच घेऊन. आधी फोन करायचा नाही हं, कोणीच नाही! मी सांगणार. बाबा, तू फक्त ड्राइव्ह कर.”