मोठ्या प्रेसचे लाल नाव

मी एक जुना फॉर्म आहे. मित्रांनो, लगेच नाक मुरडू नका. मी कागदाचा नाही, स्क्रीनवरचा आहे. पत्र्याचे डबे बनवणाऱ्या एका कारखान्याच्या विकीवर मी राहतो. विकी म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहिलेले पुस्तक. ज्या यंत्राचे पान अजून लिहिलेच नाही, त्याचे नाव तिथे लाल दिसते. त्या लाल नावावर क्लिक केले की मी उघडतो. माझ्या चौकटी भरल्या की पान तयार होते आणि नाव निळे होते.

मला संगणक विभागातल्या ताईने घडवले. त्या कारखान्यात यंत्रे माणसांना चावत. कुणाचे नख जाई, कुणाचे बोट. म्हणून ताईने मला प्रश्न दिले. यंत्र बंद कसे करावे? बंद केल्यावर किती वेळ थांबून हात घालावा? आजवर कुणाला इजा झाली का? कामगार तेलकट बोटांनी मला भरत आणि माझी छाती फुगे. ताईचे काका, म्हणजे फिटर आप्पा, तर सगळ्यांना सांगत, "हा आहे म्हणून हात शाबूत आहेत."

फक्त मोठ्या प्रेसचे, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्राचे, नाव लाल होते. ती चालवणारे म्हातारबा निवृत्त झाले होते. लाल नाव दिसले की माणूस प्रेसला हात लावण्याआधी त्यांना फोन करून विचारी.

मग पाहुणे येणार म्हणून कारखान्याचे साहेब ताईच्या शेजारी विकी बघायला बसले.

"हे लाल कशाला ठेवलंय? निळं करून टाक."

"माहिती नाहीये, साहेब. खोटं कसं लिहू?" ताई म्हणाली.

"सरक बाजूला."

साहेबांनी स्वतः मला भरले. किती वेळ थांबावे? गरज नाही. कुणाला इजा? नाही. मला दात असते तर मी त्यांचे बोट तिथेच तोडले असते. नाव निळे झाले आणि साहेब चहाला गेले.

दुसऱ्या दिवशी प्रेसमध्ये पत्रा अडकला. आप्पांनी शेजारच्या स्क्रीनवर पान वाचले, बटण बंद केले आणि हात आत घातला. त्या प्रेसचे जड चाक वीज तोडल्यावरही फिरत राहते. वरचा भाग धाडकन खाली आला. हाडांचा चुरा झाला, रक्ताची चिळकांडी माझ्यावर उडाली. "ओढू नका रे, ओढू नका!" आप्पा किंचाळत होते. पान कुणी भरले ते ताईने सांगताच कामगारांनी साहेबांची गचांडी धरली. एकाने पान्याने त्यांचा जबडा फोडला आणि तोच पाना स्क्रीनवर घातला. काचेचा भुगा झाला. वाटले, आपण संपलो.

पण मी काचेत राहत नाही. काही महिन्यांनी ताईने नवी स्क्रीन जोडली आणि ते खोटे पान पुसले. नाव पुन्हा लाल झाले. म्हातारबा शेजारी बसून एकेक गोष्ट सांगत होते, ताई लिहीत होती. शेवटच्या चौकटीपाशी तिची बोटे थांबली.

"लिही की गं," मागे उभे असलेले आप्पा म्हणाले. "इजा झाली का? हो. उजवा हात, कोपरापासून गेला."

ताई रडू लागली.

"रडतेस काय? तुला दोन हात आहेत ना? मग टाईप कर."

मित्रांनो, ठाऊक नसेल तर मला खुशाल रिकामे सोडा. लाल नावाने कुणाचे काही बिघडत नाही. पण भरलेत तर खरे भरा. तुमच्या शब्दावर विसंबून उद्या कुणीतरी यंत्रात हात घालणार आहे.