ताक प्यालेले बटाटे

सुकापूरला टॉवर उभे राहिले, तरी आमच्या आळीमागचा माझी मैत्रीण भामा हिचा शेताचा तुकडा अजून बिल्डरकडे गेलेला नाही. पूर्वी तिथे भातानंतर वाल असायचा आणि शेंगा खुडताना आम्ही पोरी निम्म्या तिथेच खायचो. आता हिवाळ्यात मी आणि भामा तिथे बटाटे लावतो. जमीन तिची, बेणं माझं, पीक निम्मं-निम्मं. दुकानातलं औषध घालायचं नाही, एवढ्या एकाच गोष्टीवर आमचं एकमत आहे.

यंदा माझा डॅनियल बऱ्याच वर्षांनी इस्रायलहून येणार होता. फोनवर म्हणाला, "आई, आपल्या शेतातले बटाटे घालून मटण कर." तेव्हापासून मी ते वाफे लेकरासारखे जपत होते.

जानेवारीत ढग आले, त्यावर धुकं. एका सकाळी पानांवर काळपट डाग दिसले. पान उलटलं तर खाली पांढरी बुरशी. करपा.

"आज नाय फवारलं तर सगला पाला झोपंल," भामा म्हणाली आणि तिने तांब्याच्या हंड्यात आंबवलेलं जुनं ताक बाहेर आणलं. बांधावरचं कुत्रं वासाने उठून गेलं.

तेवढ्यात माझा थोरला भाऊ बेंजामिन आला. तो रोज सकाळी माझ्याकडे चहा प्यायला आणि चुका काढायला येतो.

"रोझी, हे ताक कशाला?"

"बटाट्यांवर मारायला."

"आणि तेच बटाटे मटणात?"

पुढचं मला कळून चुकलं. आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. दूध आणि मटण आमच्याकडे एका ताटात येत नाही. आईची तर भांडीसुद्धा वेगळ्या फळीवर असायची. पण पानावरच्या ताकाचं मातीखालच्या बटाट्याशी नातं जोडणारा माणूस जगात एकच, आणि तो माझ्याच घरात जन्मला. त्याने खुर्ची मागवली आणि बांधावर पहाऱ्याला बसला.

"मी त्या मटणाला हात लावणार नाही. आणि मी नाही जेवलो, तर डॅनियलही जेवणार नाही."

हे खरं होतं. डॅनियल मामाच्या शब्दाबाहेर नाही.

"बेंजामिनदादा, तुमचा देव बटाटं उकरून वास घेतो काय?" भामाने विचारलं.

"त्या कामाला मी आहे."

दुपारपर्यंत आम्ही दोघींनी रोगट पानं खुडून गोणीत भरली, लांब नेऊन जाळली, सऱ्यांना मातीची भर दिली. पण नुसत्या खुडण्याने करपा ऐकत नाही. शेवटी मी चहा घेऊन त्याच्या खुर्चीशी गेले.

"दादा, लहानपणी सणाला तू विहिरीवर ताक ढोसायचास, चूळ भरायचास आणि लगेच मटणाला बसायचास. ते चालायचं?"

"ताकानंतर मटण चालतं. तोंड स्वच्छ करायचं, थोडं थांबायचं. उलटं चालत नाही."

"थोडं म्हणजे?"

"असेल तासभर."

"मग बटाटे आज ताक पितील. काढणीला महिना आहे. तेवढं थांबलेले पुरे ना?"

भामाने तोंडात पदर कोंबला. दादा चहाकडे बघत राहिला. साय धरली तरी बघत होता.

"आणि चूळ?"

"सरीतून पानी सोडू," भामा म्हणाली. "पानावर नको, बुरशी वाढंल."

"काढणीच्या आधी पंधरा दिवस ताक बंद."

"बंद."

तो उठला. भामाने फवारायला घेतलं, तर दोनच रोपं बघून म्हणाला, "वरून काय मारतेस? रोग पानाखाली आहे. आण इकडे." मग पंप भामाच्या पाठीवर आणि नळी दादाच्या हातात, अशी वरात आठवड्याला वाफ्यांतून फिरू लागली. ती म्हणायची, "वढू नका, पडंन मी." तो म्हणायचा, "मग हळू चाल." ताकाचे शिंतोडे दोघांच्याही चष्म्यावर.

कडेचा एक वाफा गेला. बाकीचे तगले.

डॅनियल आला त्या रात्री नारळाच्या दुधातलं मटण केलं. भामाही जेवायला होती. डॅनियलने बटाटा उचलला आणि विचारलं, "आई, यावर फवारलं काय होतं?"

भामा छताकडे बघायला लागली.

"मी स्वतः उभा राहून फवारलंय," बेंजामिन म्हणाला. "तू विमानात काय काय खाल्लंस, ते सांग आधी."

डॅनियलने बटाटा तोंडात टाकला आणि मुकाट्याने आणखी मटणासाठी ताट पुढे केलं.