भागूबाईंनी पाहिलं ते

मित्रांनो, कळमनुरीच्या एका गल्लीतला मी जुना टीव्ही. पाठ फुगीर, आवाज घोगरा. कारखान्यात माझ्या पोटात तारा भरल्या, पुढे काच बसवली. मग एका भीमजयंतीच्या आदल्या दिवशी प्रेमानंदने मला हिंगोलीहून जीपमधून जपून आणलं. तेव्हा गल्लीतली माणसं मला बघायला दारात गर्दी करायची.

पुढे पातळ, सपाट टीव्ही आले आणि माझं कौतुक संपलं. मला प्रेमानंदच्या आईच्या, भागूबाईंच्या खोलीत ठेवलं. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या घरातच असत. वॉकर धरून फार तर दारापर्यंत जात. बाकी त्यांना सोबत एका खिडकीची आणि माझी. दुपारी माझ्यावर हिंदीत केलेले परदेशी सिनेमे लागत. त्यांना एकाच तऱ्हेचे आवडत. घरात अडकलेलं माणूस खिडकीतून काही भयंकर घडताना बघतं, आणि त्याचं कुणी खरं मानत नाही. पडद्यावरच्या बाईला भागूबाई धीर द्यायच्या, "थांब माय, कुनीतरी ऐकंल."

समोर विकास आणि त्याची बायको संगिता राहत. धुणं वाळत घालताना संगिता खिडकीकडे बघून हसायची. एका दुपारी विकासने तिला केसांना धरून अंगणातल्या कोठीत ओढत नेलं आणि बाहेरून कुलूप घातलं. भागूबाईंनी ते डोळ्यांनी पाहिलं. विकास मात्र सगळ्यांना सांगत सुटला, ती माहेरी नरसीला गेली. तिच्या चपला तर कोठीच्या दाराशीच पडलेल्या होत्या.

भागूबाईंनी लेकाला सांगितलं. प्रेमानंद वाईट नव्हता, कामावरून दमून आला होता. म्हणाला, "माय, हे त्या सिनेमातलं हाय." शेजारणीला सांगितलं, तिनेही हसण्यावारी नेलं. प्रेमानंदने माझी वायरच काढून ठेवली. माझा पडदा काळा झाला, तरी भागूबाई तेच सांगत राहिल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या वॉकर घेऊन स्वतःच निघाल्या. पायरीवर तोल गेला आणि गल्लीत पडल्या. उघड्या दारातून मला दिसत होतं. माणसं धावली. प्रेमानंद उचलायला वाकला, तर त्यांनी त्याचा हात झटकला.

"आधी ते कुलूप तोड. मंग मला उचल."

"माय, तुला तकलीफ होऊन राहिली."

"व्हय. तिलाबी होऊन राहिली."

त्या उठायलाच तयार होईनात, तेव्हा लोकांनी कुलूप तोडलं. संगिता आत होती. जिवंत होती, पण ओठ सुकून फाटलेले, हात मोडलेला. पोलिसांनी विकासला नेलं. भागूबाईंना दवाखान्यात नेलं, तिथून त्या परत आल्या नाहीत.

हाताला प्लास्टर घातलेली संगिता त्यांच्या रिकाम्या पलंगाशी बराच वेळ बसून गेली. ती गेल्यावर प्रेमानंद भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "माय खरं बोलून राहिली होती. म्याच ऐकलं न्हाई."

मला आता भंगारात देणार आहेत. त्याचं मला काही वाटत नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरी आजारी किंवा थकलेलं कुणी खिडकीशी बसून काही सांगू लागलं, तर आधी टीव्हीचा आवाज बंद करा. जवळ बसा आणि विचारा, काय दिसलं?

भागूबाईंना हे कुणी विचारलंच नाही.