पहिली लेखिका : इंदू देवपुजारी

विनता लाखेला त्या ईमेलची धास्ती बसली, ती तो तिच्या नावावर आला नव्हता म्हणूनच.

विद्यापीठातल्या तिच्या विभागातले कारकून दुबेजी ईमेलचा छापील कागद घेऊन खोल्याखोल्यांतून विचारत फिरत होते. "मैडम, ये इंदू देवपुजारी कौन हैं? बाहर की किसी पत्रिका ने पूछा है. हमने तो नाम ही नहीं सुना."

"राहू द्या इथे," ती मराठीतच बोलून गेली आणि सावरली, "रख दीजिए, देखती हूँ."

इंदू देवपुजारी म्हणजे तीच. लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळावर अंगठीनं 'विनता' लिहिलं आणि इंदू तिथंच संपली. पण संपण्याआधी तिचा एक शोधनिबंध तयार झाला होता. तांबेरा रोगाला दाद न देणाऱ्या गव्हाच्या, तपासलेल्या सातही वाणांच्या डीएनएच्या जेल-चाचणीत एक ठरावीक पट्टा दिसतो, तेव्हा पट्टा पाहून रोपं निवडा, असं त्यात म्हटलं होतं. पुढे चारशेहून अधिक संशोधकांनी त्याचा आधार घेतला. विनताचे नंतरचे सगळे लेख मिळून त्याच्या पासंगालाही पुरत नव्हते. प्रोफेसरपदाच्या अर्जाला तो जोडता यावा म्हणून शहरातल्या ओमती भागातल्या वकिलाकडून तिनं 'इंदू आणि विनता एकच' असं प्रतिज्ञापत्रही करून आणलं होतं. ते अजून पर्समध्येच होतं.

निबंध छापणाऱ्या परदेशी संशोधन-नियतकालिकानं ईमेलमध्ये लिहिलं होतं : दुसऱ्या आणि चौथ्या चित्रातला एक पट्टा तोच आहे, फक्त उलटा लावला आहे. मूळ फोटो दाखवा. पहिली लेखिका सापडली नाही, तर जबाबदारी मार्गदर्शकांची धरू.

तिनं जुना अंक काढला आणि दुसऱ्या चित्राशेजारी चौथं उलटं धरलं. पट्ट्याच्या कडेला बारीकसा ठिपका होता. दोन्हीकडे तोच. तिनं नवऱ्याला फोन लावला.

नवरा फोनवर हसला. "अरे छोडो! आमच्या घरात कोणी इंदू नाही. तू ते प्रतिज्ञापत्र फाडून टाक, बस्स."

तसं करणं सोपं होतं. त्या सोपेपणाचीच तिला भीती वाटली. ती रिक्षा करून महाराजपूर भागात, त्या निबंधाचे मार्गदर्शक असलेल्या अच्युत सरांकडे गेली.

दार सरांच्या पत्नी प्रतिमाताईंनी उघडलं. "ये गं इंदू. सकाळपासून जेवले नाहीत हे. काय झालं विचारलं तर अंगावर येऊन राहिले."

सर कॉम्प्युटरपुढे बसले होते. तोच ईमेल उघडा होता. निवृत्तीनंतरही ज्यांच्या नावानं व्याख्यानं होत, ते सर तिला पाहून खुर्चीत आक्रसल्यासारखे झाले.

"काहून आलीस? तुला कोणी ओळखत नाही, बरं आहे ते. मी सांगतो, विद्यार्थिनी होती, कुठं गेली माहीत नाही."

"आणि फोटो?"

"गेले वाळवीत."

"सर, चौथ्या चित्रातला सातवा वाण. शेवटचं जेल मी पाहिलं नव्हतं. मी केळवणांना गेले होते."

सरांनी पडद्यावरचा ईमेल बंद केला. मग म्हणाले, "फोटो धुरकट आला होता. तू नव्हतीस, पाठवायची तारीख जवळ आली होती. ब्लेडनं दुसरा पट्टा कापला, उलटा केला, चिकटवला. एवढंच."

"मला का नाही विचारलं?"

"नवरीला काय विचारू?"

तिनं पर्समधून प्रतिज्ञापत्र काढून टेबलावर ठेवलं. सरांनी ते वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे तू सांगणार. प्रोफेसरपदाचा अर्ज पाण्यात गेला तुझा. लोक तुला चोर म्हणतील, मला तर म्हणतीलच."

"हो, सर." तिनं प्रतिज्ञापत्र त्यांच्या हातातून परत घेतलं. "पण तो पट्टा पाहून कुठं कुठं लोक रोपं निवडत असतील. टिकणारी म्हणून पेरतील आणि तांबेऱ्यात जातील."

ती त्यांच्याच कॉम्प्युटरवर लिहायला बसली.  स्वतःचं जुनं नाव, नवं नाव, मग काय घडलं ते. शेवटी तिनं मोठ्यानं वाचलं, "सातव्या वाणाचा मूळ फोटो धुरकट होता, म्हणून त्या जागी..."

"थांब," सर म्हणाले.

ते थांबवतील याच भीतीनं ती आल्यापासून धास्तावली होती. आता वाटलं, थांबवू देत.

"धुरकट नको लिहू," सर खाली पाहत म्हणाले. "फोटो स्वच्छ होता. सातव्यात पट्टा नव्हताच."

म्हणजे पट्टा नसतानाही तो वाण रोगाला दाद देत नव्हता; सात वाण, सातही पट्टे, चारशे लेख, सगळं ज्यावर उभं होतं ते पहिल्यापासूनच नव्हतं.  विनतानं 'धुरकट' शब्द खोडला. त्या जागी 'पट्टा नव्हता' असं लिहिताना ती तीनदा चुकली. मग तिनं सरांकडे पाहिलं. ते पुढे वाकून ती ओळ वाचत होते.

तिनं पत्र पाठवून दिलं. उत्तर यायला वेळ होता, तरी दोघंही पडद्याकडे बघत बसली.