वरच्या वाडीत सगळं बरं

दवाखाना रोज सकाळी पंधरा पावलं खालच्या वाडीकडे सरकत होता. ओट्यावर बसलेले पेशंटही सोबत सरकत आणि कुणाचा नंबर चुकत नसे. ठकूबाई वरच्या वाडीतून हे बघायची आणि तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. खालच्या वाडीत तिची सख्खी धाकटी बहीण नवसाबाई दिलेली होती आणि इकडे सुनेला, द्वारकाला, नववा लागला होता.

चूक ठकूबाईचीच. सर्वेच्या बाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, दोन वाड्यांत एकच दवाखाना परवडतो. जिथे नड जास्त, तिकडे तो जाईल. पण पाहुण्यासमोर कोण रडगाणं गातं? ठकूबाईने बाईंना चहा पाजला आणि म्हणाली, "आमचं समदं बेस हाये." पहिलं नातवंड दवाखान्याच्या वाटेवर, डोलीतच गेलं होतं. ते तिने गिळलं. नवसाबाईने मात्र सगळं सांगितलं. आपलं संपल्यावर बहिणीचं नातवंडही आपलंच म्हणून सांगितलं.

"मेलीनं माझं दुःखबी सोडलं न्हाय," ठकूबाई चुलीशी बोलायची.

द्वारकाला कळा सुरू झाल्या, तेव्हा दवाखाना नवसाबाईच्या अंगणात पोचला होता. दोन पुतण्यांनी डोली उचलली. नेहमीचा उतार त्या दिवशी दुपारपर्यंत संपला नाही.

दारात नर्सने कागद पाहिला. "वरच्या वाडीत कुणाला काही होत नाही, असं लिहिलंय. पण मावशी, तुम्ही आत्ता सांगितलंत तर बदलते. काय होतंय?"

दवाखाना ऐकायला थांबला. आत खाटेवर नवसाबाई पाय पसरून बसली होती आणि तिच्या गुडघ्याला मलम चोळणं चाललं होतं.

"सांग की अक्का. रडल्याबिगर आय बी पाजत न्हाय," ती म्हणाली. "का मी सांगू?"

मागे डोलीत द्वारका कण्हली. ठकूबाईने बहिणीचा तो मऊ पडलेला गुडघा पाहिला. हिच्यासमोर तोंड उघडायचं? म्हणजे हेही हीच उचलणार.

"काय न्हाय," ती म्हणाली. "समदं बेस हाये."

नर्सने लिहून घेतलं. ठकूबाई वळली, तेव्हा डोली पंधरा पावलं मागे गेली होती आणि पुतण्यांचे पाय जागचे हलले नव्हते.