हळद लावलेले बांगडे

ऐका गे, मध्ये कोणी बोलायचं नाही. प्रिया, तू तर अजिबात नाही. आणि तुम्ही कॉमर्सवाल्या, तुम्हाला आमचे कृष्णनाथ सर माहीत नाहीत, म्हणून आधी ते सांगते. नाहीतर मी त्या पाखरासाठी एवढी का घाबरले तेच तुम्हाला कळायचं नाही.

सर आम्हाला झूऑलॉजी शिकवतात. वर्गात आले की हजेरी नाही, काही नाही, पहिला प्रश्न, "काल रात्री काय जेवलात?" एकेकाला विचारतात आणि फळ्यावर लिहितात. साईश : तिसऱ्यो. गौरवी, म्हणजे मी : अळसांदे, चवळीचे. मग बाण काढत बसतात, शिंपल्यातल्या तिसऱ्यो काय खातात, ते कुठून येतं, ते खाणारा अजून कोण. तास संपेपर्यंत आमचं रात्रीचं जेवण पार समुद्राच्या तळाला गेलेलं असतं. मासे काय खातात आणि समुद्रावरचे पक्षी काय खातात, एवढंच सरांचं संशोधन. पेडण्याच्या बाजारात मासळीवाल्या त्यांच्यासाठी माशांची पोटं वेगळ्या पिशवीत काढून ठेवतात. "सर, आज इसवणाचं पोट गच्च भरलंय हां!" अशी भर बाजारात हाक मारतात. लोक वळून बघतात. सर खुश.

पण त्यांची एक जुनी खंत आहे. पावसाळ्यात खोल समुद्रातले पक्षी काय खातात ते आपल्याकडे कोणी बघितलेलं नाही. बोटी बंद, जाणार कोण? वादळात एखादा पक्षी किनाऱ्यावर फेकला जातो, पण तो मिळेपर्यंत मेलेला आणि पोट रिकामं. "मला एक भरलेलं पोट पाहिजे," सर भर वर्गात म्हणतात. "एकच."

हे लक्षात ठेवा. भरलेलं पोट.

तर रविवार, आयतार. श्रावणातला पहिला. आमच्या पाळी गावात घरोघरी आयताराची पूजा, आणि पत्री आणायचं काम माझं. बंद पडलेल्या खाणीच्या काठाला झाडोरा चांगला वाढतो, म्हणून मी तिथे गेले. खाणीचा खड्डा पावसाने तुडुंब. तांबडं पाणी, आणि त्या पाण्याच्या कडेला हे एवढं पांढरं काहीतरी. मला वाटलं कोणाचं बदक. जवळ गेले तर बदक कसलं! पंखांची टोकं काळी, तोंडावर काळा मुखवटा घातल्यासारखा, चोच पिवळी, सुरीसारखी. माझ्याकडे बघितलं आणि उठायला गेलं. उठवेना.

मास्क्ड बूबी. हसा, हसून घ्या एकदाचं. वर्गात पण सगळे हसले होते, सर म्हणाले होते, "झालं? आता बघा, हा उंचावरून समुद्रात दगडासारखा पडतो आणि मासा घेऊन वर येतो." समुद्रातून वादळाने उचलून थेट पाळीला आणून टाकलेला! मी ओढणीत गुंडाळला. हाताला दोन ठिकाणी फोडलं त्याने, ही बघा खूण. पत्री तिथेच राहिली.

आई देवाकडे बसलेली. मला बघून हातातली समईच खाली ठेवली.

"काय गो ता?"

"समुद्रातलं पाखरू. मरतंय."

"मासे खाता मगे ता?"

"मासेच खातं."

"मग घरात हाडू नको. आज आयतार आसा. न्हाणीत ठेव."

आमची न्हाणी बाहेर आहे, चुलीची ऊब असते. तिथे ठेवला, पोतं अंथरलं. तो कोपऱ्यात मान टाकून बसला. मी साईशला फोन केला. साईश केरीचा, घरचे रापणीचं जाळं ओढणारे, त्यांच्याकडे श्रावण फक्त सोमवारपुरता. म्हटलं, "मासे घेऊन ये. आणि ऐक, सरांना सांगू नको."

"का?"

"का म्हणजे? त्यांना काय पाहिजे माहीत नाही तुला? ते सुरी घेऊन येतील."

"अगो, सर तसे नाहीत."

"साईश, सांगू नको."

आणि हा माणूस काय करतो? फोन ठेवला आणि दुसऱ्या मिनिटाला सरांना लावला. लगेच मला सरांचा फोन. आवाज असा की लॉटरी लागलीय. "गौरवी! जिवंत आहे? खरंच जिवंत? त्याला काही खायला घालू नका. ऐकलंस? काहीही नाही. मी सामान गोळा करून निघतो."

काही खायला घालू नका! म्हणजे मी जे समजले ते तुम्हीपण समजलात ना? आतलं आहे तसं पाहिजे. आमचं काही त्यात मिसळायला नको. पेडण्याहून पाळीला यायला वेळ लागतो, तोवर हा उपाशीच मरेल आणि सरांना हातही लावावा लागणार नाही.

मी ठरवलं, खायला घालायचं. सर यायच्या आधी.

साईश बाईकवरून भिजत आला, हातात डबा. आईने बजावलं, "घरातून नेव नको. मागल्यान जा." आम्ही मागच्या बाजूने न्हाणीत. डबा उघडला. बांगडे. सुरेख तुकडे. डोकं काढलेलं, पोट साफ, शेपूट छाटलेली, आणि सगळ्याला मीठ-हळद लावलेली.

"हे काय?" मी म्हटलं.

"आईने दिले. ती म्हणाली पाहुण्याला असे कसे देऊ."

आता काय करता? धुतले. थोडी हळद गेली, थोडी राहिली. साईशने मान धरली, मी चोच उघडली, तुकडा आत. त्याने बाहेर फेकला. परत. परत बाहेर. तिसऱ्यांदा मी बोटाने आत ढकलला. दोन तुकडे गेले. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो, जिंकलो! आणि त्याने मान वर केली, अंग आकसलं, आणि सगळं बाहेर. हळदीचे तुकडे, आणि त्यामागोमाग आतलं जुनं, काळपट, बुळबुळीत, हे एवढं. वास म्हणजे... प्रिया, भजी खा, मी नाही सांगत.

तो त्यानंतर डोळेच मिटायला लागला. मी रडायला लागले. आई दारात आली, नाकाला पदर, आणि तिने काय केलं असेल? आमच्याकडे मासळीचं पाणी नेहमी जिथे जातं तिथे. सुपलीने सगळं उचललं आणि माडाच्या मुळात. वर बाल्दीभर पाणी.

तेवढ्यात गाडी वाजली.

सर उतरले. एका हातात आईसबॉक्स, दुसऱ्या हातात ती पेटी. प्रॅक्टिकलची पेटी, जिच्यात कात्र्या असतात. मी न्हाणीच्या दाराला पाठ लावून उभी राहिले.

"सर, तो अजून जिवंत आहे," मी म्हटलं.

"मग बाजूला हो."

"काय करणार?"

सर माझ्याकडे बघतच राहिले. मग साईशकडे. साईशने मान खाली घातली. सरांना बहुतेक सगळं कळलं. पेटी उघडली. वर सुरीबिरी काही नाही, एक रबरी नळी आणि मीठ-साखरेची पाकिटं. "थंडीने गारठलेल्या, सुकलेल्या पाखराच्या पोटात मासा घातला तर तो जिरत नाही," ते म्हणाले. "आधी ऊब, मग पाणी, मग जेवण. म्हणून सांगितलं घालू नका. घातलात ना?"

"घातला. ओकला."

"ओकला!" सरांचा चेहरा असा उजळला, असा उजळला, की मला परत राग आला. "कुठे आहे?"

मी आईकडे बघितलं, साईशने पण. शेवटी आईच म्हणाली, "माडात घातलंय."

आणि आता बघा. सरांनी त्याला नळीने पाणी पाजलं, हे मान्य. अगदी हळू, त्याच्याशी काहीतरी पुटपुटत. पण नंतर नळी माझ्या हातात दिली, "पोतं गुंडाळून छातीशी धर," म्हणाले, आणि स्वतः माडाखाली. गुडघ्यावर. चिखलात. आणि वर आभाळ काळं होत आलेलं.

"वहिनी, चहाची गाळणी देता?"

"माझी गाळणी? आयताराच्या दिसा?"

"नवी आणून देईन."

"नवी दोन हाडा," आई म्हणाली आणि दिली.

मी पाखरू घेऊन बसलेय, त्याचं काळीज माझ्या हाताला लागतंय, टक टक टक, मधेच थांबल्यासारखं होतंय, आणि सर चिखल गाळतायत! मी ओरडलेच. "सर, इथे हा मरतोय आणि तुम्हाला ओकारीचं पडलंय!"

सर वर न बघता म्हणाले, "पाऊस आला की हे धुऊन जाईल. तू त्याला बघ, मी हे बघतो." मग थोडं थांबून, "खरं सांगू? फोनवर मी म्हटलं ना, खायला घालू नका? ते त्याच्यासाठी होतं. पण सगळंच त्याच्यासाठी नव्हतं."

मी पोतं अजून घट्ट गुंडाळलं.

पहिले थेंब पडले तेव्हा त्यांनी हाक मारली. "साईश! गौरवी! हे बघा!" गाळणीत एक मासा होता. म्हणजे अर्धा. काट्याचा कणा आणि शेपूट. शेपटीचा खालचा भाग वरच्यापेक्षा लांब. "उडणारा मासा," सर म्हणाले. "पावसाळ्यातला. आपल्या समुद्रातला." मग एकदम वर्गातल्यासारखे, "डोकं कुठे गेलं?"

"जिरलं," साईश म्हणाला.

"आणि शेपूट?"

"आहे. अख्खी."

"म्हणजे आत आधी काय गेलं?"

मीच ओरडले, "डोकं! सर, तो डोक्याकडून गिळतो!"

"अख्खा. डोक्याकडून. म्हणजे पर आणि काटे मागे दुमडतात, घशाला लागत नाहीत. तुम्ही काय दिलंत?"

साईशने डबा पुढे केला. सरांनी आत बघितलं. एक पिवळा तुकडा उचलला.

"हळद लावलीत? लग्न आहे त्याचं?"

आई पदराआड हसली. मी पण. आणि हसताना हाताखाली ते टक टक अजून चालू होतं.

पण अख्खा मासा आणायचा कुठून? सरांची गाडी, मी आणि ते डिचोलीच्या बाजारात. पाखरू साईशकडे. मासेमारीबंदीचे शेवटचे दिवस, त्यात श्रावण, मासळीबाजारात दोनच बायका बसलेल्या, बाहेरून आलेले बर्फातले मासे घेऊन. एकीकडे छोटे बांगडुले होते. अख्खे. सरांनी डोळे बघितले, कल्ले बघितले, घेतले. आणि बाईने सवयीने मासे कापायची आदोळी पुढे ओढली, पहिला बांगडुला धरला.

"नको!!" आम्ही दोघं एकदम.

बाई दचकली. "शिजवणार नाय?"

"नाही, असाच खातो तो," सर म्हणाले.

"कोण? तुमचो झील?" तिला वाटलं सरांचा मुलगा.

परत आलो तर बूबीने मान उचललेली. ऊब लागलेली, पाणी जिरलेलं. सरांनी बांगडुला पाण्यात बुडवला, डोकं पुढे करून चोचीत धरला. ढकलला नाही. नुसता धरला. बूबीने बघितलं. मग मान एक झटका, आणि गट्. गळ्यातून खाली जाताना दिसला गे, हा असा! दुसरा. गट्.

"आता थांबायचं," सर म्हणाले. "हे पोटात राहिलं तर राहिला."

न्हाणीच्या दाराशी आम्ही सगळे. आई उंबऱ्यावर, मासळीला हात लावणार नाही पण तिथून हलणार पण नाही. पाऊस कोसळतोय. आणि सरांच्या हातात नमुन्याची बाटली. झाकण उघडलेली, रिकामी. सवयच ती. मी बाटलीकडे बघतेय, सर पाखराकडे. मधेच बूबीने मान ताठ केली. तसंच. तसंच मघासारखं अंग आकसलं. चोच उघडली. आणि सरांचा हात आपोआप पुढे गेला, बाटलीसकट.

आणि मग मागे आला. त्यांनीच मागे घेतला. बाटली खाली ठेवली आणि दोन्ही हात काखेत घालून बसले, लहान पोरासारखे.

बूबीने चोच मिटली. एक आवंढा गिळला. झोपला.

"रवलो," आई म्हणाली. राहिला.

सरांनी त्याला पेडण्याला आपल्या घरी नेला. आई मला रोज कॉलेजातून फोन करायला लावायची. "खाल्लान काय?" म्हणजे मी खाल्लं काय हे नाही हां, पाखराने. मग एके दिवशी सर म्हणाले, आज वारा चांगला आहे. केरीला, तेरेखोलच्या नदीचं मुख दिसतं त्या बाजूच्या खडकावर, सर, साईश आणि मी. समुद्र खवळलेला, फेरीबोट पण बंद. सरांनी सकाळी त्याला पोटभर चारलेलं, चार बांगडुले, पुढे मिळेल न मिळेल म्हणून. खडकावर ठेवला. त्याने पंख उघडले. बापरे, केवढे! वाऱ्यात नुसते पंख धरून राहिला. आणि मग मान ताठ केली.

सगळं सरांच्या शर्टावर. चारही.

मग तो हलका झाला, वाऱ्याने उचलला, आणि गेला. लाटांवरून, खाली, वर, परत खाली. एक पांढरा ठिपका. मग तो पण नाही. तो त्या पाण्यात उपाशी गेला होता. कुठे पडेल, काय मिळेल, काही माहीत नाही. सर शर्टावरून बांगडुला उचलून बघत होते. "आपलेच," म्हणाले. "ह्यात काही नवीन नाही."

आणि माझा फोन वाजला. आई.

"सोडलो? जेवून गेलो मगे?"

मी सरांकडे बघितलं. त्यांच्या शर्टाकडे बघितलं. सरांनी हात पुढे केला, फोन घेतला, हाताला खवले लागलेले.

"होय वहिनी," ते म्हणाले. "पोटभर जेवून गेला."